मोराचा फाटका आवाज

जंगलात मोबाइल पोचले नव्हते आणि गाणी मुठीएवढ्या प्लेअरमध्ये भरून मिळत, त्या काळातली ही गोष्ट. एका मोराने स्वतःचं गाणं प्लेअरमध्ये भरून घेतलं, कानाला लावून ऐकलं आणि तो तडक दुरुस्तीवाल्या सुगरण पक्षिणीच्या दुकानात गेला.

"ताई, आवाज फाटतोय."

तिने इअरफोन बदलला. आवाज फाटतच होता. तिने वायर बदलली, बॅटरी बदलली, शेवटी अख्खा प्लेअर नवा दिला. मोर पिसारा आपटत म्हणाला, "इथे फसवतात, असं पाणवठ्यावर सगळ्यांना सांगतो."

सुगरण घाबरली. तिने गुपचूप त्यात गोड गळ्याच्या दयाळ पक्ष्याचं गाणं भरलं. मोराने डोळे मिटून ऐकलं. "हा खरा माझा आवाज," असं म्हणत तो डुलत निघून गेला.

आठवड्याने तो पडलेल्या चेहऱ्याने परत आला. आठवडाभर तो ते गाणं कानात लावूनच गात होता; त्या सकाळी पहिल्यांदाच इअरफोन न घालता गायला होता.

"आता काय बिघडलं, मोरराव?"

"प्लेअर उत्तम चाललाय," मोर म्हणाला आणि चोच उघडून पुढे वाकला. "गळा तेवढा बघा. वॉरंटीत बसेल ना?"