माय पुढं का शिंगरू पुढं

लई लई वर्सांमागची गोष्ट. तुमच्या पंजोबाच्या पंजोबाला दात फुटायच्या बी आधीची. एका डोंगराच्या पायथ्याला एक गाव व्हतं, आन् त्या गावात गाढवं ऱ्हायची. चार पायांची. दोन पायांची बी व्हती, पन ती मोजत बसलो तर गोष्ट ऱ्हाऊन जायाची.

ही चार पायांची साधीसुधी न्हवती. प्रभू ज्या दिवशी गाढवावर बसून नगरात गेला, लोकांनी झावळ्या हालवल्या, "होसान्ना", म्हंजी "तार रं देवा", म्हनून गळे फाडले, त्या दिवशी तिथं दोन जनावरं व्हती. एक गाढवी, आन् एक तिचं शिंगरू. त्येंच्याच वंशातली ही समदी. निदान ती तरी तसं सांगायची.

आधी समदी एकाच छपराखाली नांदत व्हती. मंग एक दिवशी कुनीतरी इचारलं, "प्रभू नेमका बसला कुनावर? मायवर का शिंगरावर?"

झालं. इचारनारं गाढव, उत्तर देनारी बी गाढवंच. एका छपराची तीन छपरं झाली. एक माय-मंडळी, एक शिंगरू-मंडळी, आन् तिसरी चादर-मंडळी. ह्या तिसऱ्यांचं म्हननं असं, की प्रभू कुनावरच बसला न्हाई. पाठीवर चादर टाकली व्हती, त्या चादरीवर बसला. म्हनून ही मंडळी सदा पाठीवर एक जुनी चादर मिरवायची. माय-मंडळी लांब सूर लावून ओरडायची, शिंगरू-मंडळी तोडून तोडून, आन् चादर-मंडळी नुसती नाकातनं. ओरडायची समदी एकाच प्रभूच्या नावानं. हसू नका. आधी आपल्या गावातली देवळं मोजून या, मंग हसा.

एका गोष्टीवर मातर तिघांचं एकमत व्हतं. कुनीबी पाठीवर वझं घ्यायचं न्हाई. "जिथं प्रभू बसला, तिथं माती कशी बसवू?" असं म्हनायचं आन् सावलीला जाऊन पडायचं. असं एकमत व्हायला येळ लागत न्हाई.

शिंगरू-मंडळीचा म्होरक्या व्हता भुरक्या. वय झालं व्हतं, उठताना गुडघे वाजायचे, पन सोताला शिंगरूच म्हनवून घ्यायचा. त्याच्या मनात एकच आस व्हती. प्रभू परत येनार हाय, तवा त्यानं आपल्याच पाठीवर बसावं. आन् त्याच्या पोटात एकच आग व्हती. तिचं नाव चांदी.

चांदी माय-मंडळीची म्होरकी. आता गाढवाच्या पाठीवर बघा, एक काळी रेघ मानेपासनं शेपटापत्तूर जाती, दुसरी खांद्यावरनं आडवी. झाला क्रूस. समद्यांनाच असतो. पन चांदीचा क्रूस काजळानं काढल्यागत ठळक, आन् भुरक्याचा पानी मारल्यागत फिका. भुरक्या रोज कुडातनं डोकवायचा. "आजबी काळाच हाय," म्हनायचा, आन् चारा तसाच टाकून निजायचा.

एकदा त्यानं काय केलं, कुंभाराच्या भट्टीत जाऊन पाठीला काजळी फासली. आन् छाती काढून चांदीच्या छपरापुढनं चालला. ऊन मरनाचं. घाम सुटला, काजळी वघळली, पोटापत्तूर पट्टे उमटले.

चांदी म्हनाली, "भुरक्यादादा, क्रूस लई पावला वाटतं. पार पायात उतरला!"

समदी माय-मंडळी लोळून हसली. चादर-मंडळी बी नाकातनं हसली. त्या दिवसापासनं भुरक्याला चांदीचा वारा बी सोसंना.

ह्या तिन्ही छपरांना चारापानी करनारी एकच बाई व्हती, राहेलआजी. कुंभाराची बायको, नवरा कवाच गेलेला. गाढवं वझं घेत न्हाईत म्हनून भट्टीची माती सोताच्या डोक्यावर आनायची. घोटभर पानी पिऊन चारा टाकायची, तो बी तीन जागी, कारन एका गव्हानीत तोंड घातलं तर ह्येंचा धरम बुडायचा. तरी माया समद्यांवर सारखी. पन एक दिवस तिनं चांदीच्या कानामागं जरा जास्त खाजवलं.

भुरक्या तोंड फुगवून बसला. "तिच्या कानामागं काय देऊळ हाय का, आजी?"

"तुझ्या बी खाजवते, बाबा. हात तर दोनच हायत माझे."

"आता नगं. तिचं उष्टं खाजवनं मला नगं."

मंग एक दिवशी आजी मातीचं टोपलं घेऊन आली आन् अंगनातच बसली. छातीत कळ. तोंडाला कोरड. शेजारचा सुतार धावत आला. वैद डोंगराच्या माथ्यावर ऱ्हायचा, खाली उतरत न्हवता. सुतारानं दोन बांबूंना गोधडी बांधून डोली केली. तिला दोन गाढवं लागत्यात, एक पुढं, एक मागं. सुतार म्हनाला, "दोघं तगडी हायत, चांदी आन् वय झालं तरी भुरक्या. नीट घेऊन या. मी पळत फुडं जातो, वैदाला काढा उकळायला सांगतो. दुपारच्या आत आली तर वाचंल म्हातारी."

सुतार गेला. आजी डोलीत. वझं न घ्यायचा नेम आजीसाठी बाजूला ठिवून चांदी गुमान पुढच्या बांबूत जाऊन उभी ऱ्हायली.

भुरक्याच्या काळजात सुई टोचली. "तिथं का उभी ऱ्हायलीस?"

"माय पुढं, शिंगरू मागं. रीतच हाय."

"म्हंजी डोंगरभर मी तुझं शेपूट बघत चालू? आन् लोक म्हननार, बघा, शिंगरू-मंडळी माय-मंडळीच्या मागं लागली!"

चादर-मंडळी कुडावरनं म्हनाली, "पुढंमागं मंग बघा. आधी सांगा, ही गोधडी कुनाची?"

ऊन अंगनात उतरलं. आजीनं डोलीतनं मान वर काढली. आवाज बारीक, पन तोंडावर हसू. "अरं येड्यांनो, प्रभूनं दोघांनाबी बोलावलं व्हतं. 'दोघांना सोडा आन् आना,' असं म्हनला. शिंगरावर त्याआधी कवा कुनी बसलेलं न्हवतं. एवढा गलबला, एवढ्या झावळ्या. माय संगं चालली म्हनून ते बिचकलं न्हाई. बसला कुनावर, ह्ये तुम्ही जलमभर इचारता. दोघं का मागितली, ह्ये कुनीच इचारलं न्हाई."

चांदीनं कान पाडले. भुरक्याला बी वाटलं, आता जावं मागं उभं ऱ्हावं. तेवढ्यात त्याची नजर चांदीच्या पाठीवर गेली. क्रूस उन्हात चमकत व्हता.

आन् भुरक्या ओरडला, "ऐकलंस? शिंगरू बिचकलं न्हाई! म्हंजी बसला शिंगरावरच!"

"ऐकलंस?" चांदी बी फिस्कारली. "मायबिगर शिंगरू हाललंच नसतं!"

"चादर नसती तर दोघांच्या बी पाठी सोलल्या असत्या!" कुडावरनं आवाज आला.

मंग जी जुंपली म्हनता! लांब सूर, तोडका सूर, नाकातला सूर. लाथा झाडल्या, धूळ उडाली. ह्या गोंधळात आजी डोलीतनं उतरली. काठी घेतली. कुनाला रागं भरली न्हाई, कुनाला हाक मारली न्हाई. डोंगराच्या वाटंला लागली. कुनाच्या ध्यानात बी आलं न्हाई.

दुपार कलली तवा सुतार डोंगरावरनं खाली आला. हळूहळू आला. भुरक्यानं त्याला बघितलं आन् घाईघाईनं म्हनाला, "बरं झालं आलास. तूच न्याय कर. पुढं कुनी ऱ्हावं?"

सुतार म्हनाला, "आता घाई न्हाई. सावकाश ठरवा."

भुरक्यानं मान वळवली. डोली रिकामी. गोधडीवर आजीच्या अंगाचा खळगा तेवढा पडलेला.

"वळनावरच्या खडकाला टेकून बसलीया," सुतार म्हनाला. "तिथनं वैदाच्या घराचा धूर दिसतो. तेवढंच ऱ्हायलं व्हतं."

भुरक्या गेला आन् मागच्या बांबूत उभा ऱ्हायला. चांदी म्हनाली, "दादा, तू पुढं हो." तो म्हनाला, "नगं, माय. चल तू." चढनीला तिचं शेपूट त्याच्या तोंडावर येत व्हतं. येऊ दिलं. घसरडं आलं की चांदी हुंकारायची, तो पाय रोवायचा. आजीला घेऊन उतरताना डोली येवढी बी डगमगली न्हाई. चादर-मंडळी बाजूनं चालली, आन् आजीचं तोंड उन्हानं तापू नये म्हनून आपल्या पाठीवरची जुनी चादर त्येंनी तिच्यावर घातली.

गावातली मानसं दारात उभी ऱ्हाऊन बघत व्हती. अशी एका पावलानं चाललेली गाढवं त्येंनी कवा बघितली न्हवती. पन डोलीतल्या बाईला आता वैद लागत न्हवता.

तात्पर्य: प्रभूनं मिळून वझं उचलायला बोलावलेल्यांनी पुढं कोन ह्यावर हेवा केला, तर जिंकत कुनीच न्हाई, आन् जीव डोलीतल्याचा जातो.