नव्या घराची पाटी

फार पूर्वी एका संगणकात काही फोल्डर शेजारी शेजारी राहत होते. एकदा मालकाने दिलेलं काम आपोआप करणारी एक स्क्रिप्ट लिहिली आणि तिला हुकूम दिला, "सगळ्यांना 'नवे घर'मध्ये हलव."

"अगं, ते घर बांधलंय का, आधी बघून तरी ये!" 'कविता' नावाचा फोल्डर घाबरून म्हणाला.

"बघायला मला सांगितलेलं नाही," म्हणत स्क्रिप्टने 'आईचे फोटो' हा फोल्डर उचलला. घर कुठेच नव्हतं. मग तिने त्याच्याच कपाळावर 'नवे घर' अशी पाटी ठोकली आणि ओरडणाऱ्या बाकीच्यांना एकेक करून त्याच्या पोटात कोंबलं.

संध्याकाळी मालकाने कासावीस होऊन हाक मारली, "आईचे फोटो!"

"त्या नावाचं इथे कुणी राहत नाही," कपाळावरची पाटी चाचपत तो फोल्डर म्हणाला.