एका डोक्याची पाच पागोटी

पूर्वी गोदेच्या काठी शंखपूर नगरात अरिमर्दन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने एका सावकाराच्या घरी जन्म घेतला होता. तेव्हा त्याचे नाव क्षेमंकर. बोधिसत्त्वाला जन्म घ्यायला सावकाराचेच घर सापडले का, असे कोणी विचारील. पण दुखणे जिथे असते तिथेच वैद्याने जायचे असते.

त्या नगराची एक रीत होती. कर्ज घेणाऱ्याने डोईचे पागोटे उतरवून सावकाराच्या ओसरीतल्या खुंटीवर टांगायचे, आणि सगळी रक्कम व्याजासकट एकदम फेडीपर्यंत बोडक्या डोक्याने हिंडायचे. थोडे थोडे देणे कोणी घेत नसे. रस्त्याने बोडका माणूस निघाला की पोरासोरांनाही कळे, हा कुणाचा तरी देणेकरी. कार्तिकी पौर्णिमेला सगळे सावकार आपापल्याकडची पागोटी राजाच्या चौकात मांडीत. ज्याच्याकडे जास्त, त्याला राजा नगरश्रेष्ठी करी आणि पांढरे छत्र देई. त्याच दिवशी सावकाराने मागणी करूनही ज्याला देणे फेडता आले नाही, तो माणूस त्या सावकाराच्या घरी दास होऊन राबायला जाई.

क्षेमंकराचे वडील त्या वर्षीच्या चैत्रात वारले. मुलासाठी त्यांनी धन ठेवले, घर ठेवले आणि ओसरीत एकसष्ट पागोटी ठेवली. त्यांच्या खालोखाल महाकोश नावाचा सावकार होता. त्याच्याकडे अठ्ठावन्न होती. तेव्हा छत्र क्षेमंकराच्या दारी येणार हे सगळे नगर धरून चालले होते.

आश्विन सरता सरता केतका नावाची माळीण क्षेमंकराकडे आली. तिच्या हातात शेवंतीचा भरगच्च हार होता.

"श्रेष्ठी, बागेचा पहिला बहर तुमच्या दाराला," ती म्हणाली. "आमच्या विहिरीचा रहाट मोडला तेव्हा तुमच्या वडिलांनी चाळीस कार्षापण दिले, म्हणून बाग जगली. आमच्या घरधन्यांनी ते फेडले खरे, पण फेडलं म्हणून उपकार संपतो का?"

क्षेमंकर गोंधळला. तिचा नवरा कोरंटक याचे देणे फिटल्याचे त्याला ठाऊक नव्हते. तो काही बोलणार एवढ्यात केतकेची नजर भिंतीवर गेली. ती उठली, तिसऱ्या खुंटीपाशी गेली आणि तिथल्या पागोट्याचा काठ तिने चिमटीत धरला.

"ही टीप माझ्या हातची आहे," ती म्हणाली. "मग ते रोज डोक्याला बांधतात ते कुणाचं?"

केतका तिथेच खाली बसली. "दोन वर्षं मी शेजारणींना सांगत फिरले, आमच्यावर कुणाची कवडी नाही म्हणून. अगं बाई! सगळ्यांना ठाऊक असेल. मलाच तेवढं ठाऊक नव्हतं."

ती डोळ्यांना पदर लावून गेली. क्षेमंकर ओसरीत उभा राहिला. लहानपणापासून ती पागोटी तो पाहत आला होता. पाहुणे आले की वडील मोठ्या आवाजात ती मोजून दाखवीत. पण प्रत्येक पागोट्याखालचे डोके कुठे आहे आणि ते रात्री झोपते का, हा विचार त्याने त्या दिवशी पहिल्यांदा केला. त्याला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोरंटकाच्या बागेत गेला. सावकाराने देणेकऱ्याच्या दारी स्वतः जायचे हे त्या नगरात कोणी ऐकले नव्हते. कोरंटक फुले खुडीत होता. क्षेमंकर दिसताच त्याने परडी टाकली आणि तो केळीच्या आड झाला. चांगला थोराड माणूस, केळीआड मावतोय कुठला! दोन्ही पाय दिसत होते. क्षेमंकर हसला नाही. तो विहिरीच्या काठावर बसला आणि केळीकडे न पाहता म्हणाला, "कोरंटका, मी वसुलीला आलो नाही. उन्हातून चालत आलोय. पाणी तरी पाजशील ना?"

दारी आलेल्याला पाणी नाही म्हणायला माणसाचे मन फार घट्ट लागते. कोरंटक बाहेर आला आणि तांब्या पुढे करता करता त्याचा बांध फुटला.

झाले होते ते असे. पागोटे टांगून तो चाळीस कार्षापण घेऊन आला खरा, पण बोडक्या माळ्याचा हार लग्नाला कोण घेणार? अपशकुन म्हणून गिऱ्हाइके तुटली. हार खपेना, तर कर्ज फिटणार कशाने? मग त्याने दूरच्या आळीतल्या एका सावकाराला गाठले आणि पागोट्यासाठी पंधरा काढले. त्यानेही रीतीप्रमाणे ते नवे पागोटे खुंटीवर टांगून घेतले! तेव्हा तिसऱ्याकडे जाणे आले. पागोट्यासाठी कर्ज आणि कर्जासाठी पागोटे, असे करता करता पाच सावकारांच्या ओसरीत त्याची पाच पागोटी लटकत होती आणि डोक्यावर सहावे होते. शेवटचे कर्ज महाकोशाचे; त्यातून एक टांगायला आणि एक डोक्याला, अशी दोन पागोटी झाली. घरी त्याने सांगितले होते की सगळे फिटले.

"एकूण किती देणं आहे?" क्षेमंकराने विचारले.

"ठाऊक नाही."

"म्हणजे? मोजलं नाहीस?"

"मोजायला बसलो की अर्ध्यातच उठतो, श्रेष्ठी. दोनशेच्या वर गेलं असेल. आता महाकोश पौर्णिमेला मागणी करणार. त्याला आपल्या बागेसाठी फुकटचा माळी हवाच आहे. मी पळून जायचं ठरवलंय. हिला एकटीला टाकून जायचं, तेवढंच जमत नाही."

केतका मागे येऊन उभी होती. तिने गुंजांची टोपली आणून मध्ये ठेवली. "एकेकाचं नाव घ्या," ती म्हणाली. "मी मोजते."

त्याने नावे घेतली. क्षेमंकराचे चाळीस. मग पंधरा, दहा, बारा. महाकोशाचे अठरा. कर्ज लिहून घेतानाच व्याज त्यात धरलेले होते. एका कार्षापणाला एक गुंज, असा लालभडक ढीग जमिनीवर झाला.

"पंचाण्णव," केतका म्हणाली.

"पुन्हा मोज."

तिने पुन्हा मोजले. पंचाण्णवच. कोरंटक त्या ढिगाकडे बघत राहिला. आधी तो हसला, मग हुंदके देऊन रडला. दोन वर्षे ज्याला भिऊन त्याने झोप गमावली ते ओंजळभर निघाले. केतका मात्र चिडली होती.

"एवढ्यासाठी माझ्याशी खोटं बोललात?"

"तुला कळलं असतं तर तू दागिने मोडले असतेस."

"मोडले असते! दागिने पुन्हा होतात. या घरात रोज ताटाला ताट लावून जेवत होतो आपण, आणि तुम्ही एकटेच हे गिळत होतात?"

क्षेमंकराने त्यांना मनसोक्त भांडू दिले. जे नवराबायको कर्जावरून भांडतात त्यांचे कर्ज अर्धे उघड्यावर आलेले असते, आणि उघड्यावर आलेले दुखणे भरू लागते. मग तो म्हणाला, "चौघांचं देणं मी भागवतो. तुझं सगळं देणं माझ्या एकट्याकडे राहील. पुढचं व्याज नको. रोज सकाळी हार विकून येशील तेव्हा मूठभर कवड्या माझ्या ओसरीत टाकून जा. नसतील त्या दिवशी नुसता येऊन सांगून जा. पण तोंड चुकवू नकोस."

"आणि पागोटं?"

"ते आजच घेऊन जा. डोकं झाकल्याशिवाय तुझे हात कमावणार कसे?"

घरी आल्यावर मात्र त्याच्या मनात आले, एका कोरंटकाला पागोटे दिले, आणि बाकीच्या साठ जणांचे काय? त्यांच्या घरून केतकेसारखी कोणी आली नाही, एवढाच त्यांचा दोष? त्याने म्हाताऱ्या कारभाऱ्याला, जोतिकाला, बोलावले आणि सगळी पागोटी खाली उतरवायला सांगितले.

"धनी, पौर्णिमा पंधरवड्यावर आलीय!" जोतिक ओरडलाच. "घोडा गवताशी दोस्ती करील तर खाईल काय? थोरल्या धन्यांनी जन्मभर जमवलेली अब्रू आहे ही."

"जोतिककाका, अब्रू आहे खरी. पण आपली कुठं आहे? ज्याची त्याला देऊन येऊ."

तीन दिवस तो घरोघर हिंडला. चाकरांना पाठवले नाही. पागोटे उपरण्याखाली झाकून नेई, दार लोटून आत जाई आणि माणसाच्या हातात देई. सगळ्यांना त्याने कोरंटकाला सांगितले तेच सांगितले. एका कुंभाराला तर आपले पागोटे ओळखू आले नाही, इतकी वर्षे झाली होती. धन्य तो क्षेमंकर! देणारे पुष्कळ असतात, पण घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून उपरणे पांघरून येणारा विरळा.

मग त्याने छत्राच्या मेजवानीसाठी ठेवलेले धन काढले आणि कोरंटकाच्या तिघा सावकारांना चुकते केले. त्यांनी पागोटी दिली. महाकोशाने दिले नाही.

"मोजणीची पागोटी मी बांधून ठेवलीत," महाकोश म्हणाला. "आता ज्याला हवं त्यानं चौकात यावं, आपलं नाव आणि देणं चारचौघांत सांगावं आणि सोडवून न्यावं. रीत आहे."

रीत खरीच होती. पण ती कोणी वापरीत नसे. सगळ्या नगरापुढे स्वतःच्या तोंडाने देणे सांगण्यापेक्षा लोक दास होत, नाहीतर परागंदा होत. महाकोशाचा सगळा धंदा त्या लाजेवर चालला होता. क्षेमंकराने अठरा कार्षापण कोरंटकाच्या हातात ठेवले. "हे मी देऊ शकतो," तो म्हणाला. "बोलायचं ते तुलाच बोलावं लागेल."

कार्तिकी पौर्णिमेला चौक फुलून गेला. महाकोशाने अठ्ठावन्न पागोटी मांडली. क्षेमंकर रिकाम्या हातांनी आला.

राजाने विचारले, "तुझ्या वडिलांची एकसष्ट होती ना? कुठं गेली?"

"महाराज, ती डोक्यांवर आहेत."

राजाला आधी समजले नाही. मग त्याने गर्दीवरून नजर फिरवली. जागोजागी जुनी, विटलेली, घडीच्या खुणा पडलेली पागोटी बांधून माणसे ताठ उभी होती.

महाकोशाने घसा खाकरला आणि कोरंटक माळ्याच्या नावाने मागणी केली. गर्दीत कुजबुज झाली. कोरंटक! त्याच्या डोक्यावर तर पागोटे आहे! कोरंटक पुढे निघाला. केतकेने त्याला ढकलले नाही, ती फक्त त्याच्या शेजारी चालू लागली. चौकाच्या मधोमध येऊन त्याने पागोटे काढून हातात घेतले.

"मी कोरंटक माळी," तो म्हणाला. मागच्यांना ऐकू गेले नाही, म्हणून त्याने पुन्हा म्हटले. "मी कोरंटक माळी. मी पाच जणांचा देणेकरी होतो. लाजेनं मी बायकोशी खोटं बोललो, तुमच्याशी खोटं बोललो. आता मी एकाचाच देणेकरी आहे. क्षेमंकराचे पंचाण्णव कार्षापण माझ्यावर आहेत. त्यातले हे अठरा महाकोशाचे. रोज मूठभर कवड्या टाकून मी ते पंचाण्णव फेडणार आहे. ज्याला माझा हार नको असेल त्यानं घेऊ नये."

त्याने अठरा कार्षापण महाकोशापुढे ठेवले आणि आपले पागोटे सोडवून घेतले. मग मागून एक बोडका सुतार पुढे आला. "मी विरूप सुतार. माझ्यावर सव्वीस आहेत," तो म्हणाला. "आज माझ्याकडं चारच आहेत. पण मी तोंड लपवणार नाही." त्याच्यामागून आणखी एक आला. संध्याकाळपर्यंत माणसे येत होती आणि आपापला आकडा सांगत होती, आणि आकडा सांगून झाल्यावर त्यांचे चेहरे उतरत नव्हते. राजाने तिथेच आज्ञा केली की जो चारचौघांत देणे कबूल करील त्याला दास करता येणार नाही, त्याचे थोडे थोडे देणे सावकाराने घेतलेच पाहिजे.

छत्र मात्र महाकोशालाच मिळाले. मोजणी ती मोजणी. क्षेमंकराने त्याचे अभिनंदन केले आणि तो पायी घरी गेला. पुढे एकसष्टातल्या अठ्ठावन्न जणांनी कवडी कवडी करून सगळे फेडले. दोघे मध्येच वारले, एक पळून गेला. जोतिक त्या पळालेल्याचे नाव काढून मरेपर्यंत कुरकुरत राहिला.

ही कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. त्या दिवशी विहारात सुनेत्त नावाचा उपासक खांबाच्या आड बसला होता. त्याने शेजाऱ्याकडून धन घेतले होते, ते परत करता येईना, आणि तो शेजारी धर्म ऐकायला येतो म्हणून सुनेत्ताने कित्येक महिने विहारात येणे सोडले होते. आज बायकोने त्याला बळेच आणले होते.

शास्ता म्हणाले, "उपासकांनो, तेव्हाची केतका म्हणजे आज नवऱ्याला घेऊन आलेली ही उपासिका. जोतिक म्हणजे आपला कोठार सांभाळणारा वृद्ध भिक्षू, तो अजूनही कुरकुरतो. कोरंटक म्हणजे सुनेत्त. आणि क्षेमंकर तो मीच होतो."

सुनेत्त खांबाआडून उठला आणि सभेच्या मध्ये येऊन बसला.

एका तरुण भिक्षूने विचारले, "भगवन्, आणि महाकोश कोण होता?"

त्या जन्मीचा महाकोशही त्या सभेत बसलेला होता. त्याची मान खाली होती. शास्त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही.

"ते मी सांगणार नाही," ते म्हणाले. "त्याचेही डोके झाकलेले राहू दे. याला मैत्री म्हणतात."