सिस्टरांचा दुसरा हात

जिल्हा रुग्णालयाच्या खरेदी समितीपुढे अभियंता दाभाडे आपली नवी सुरक्षित सिरिंज मिरवत होते. “सुई काढली, की दुसऱ्या हातानं हे टोपण पुढे सरकवायचं. यापुढे कुणाला सुई टोचली, तर चूक नर्सचीच!”

अध्यक्ष मंजुरीची सही करणार, तोच समितीतल्या नर्स एस्तर सिस्टर दाभाडेंना म्हणाल्या, “साहेब, बाही वर करा. तुम्ही माझे बेशुद्ध रुग्ण. हलायचं नाही.”

त्याच सिरिंजनं रक्त घेऊन त्यांनी सुई काढली आणि दुसऱ्या हातानं त्या जागी कापूस दाबला.

“आता टोपण सरकवा,” दाभाडे म्हणाले.

सिस्टरांनी कापूस सोडला. रक्ताचा ओघळ मनगटाकडे निघाला.

“अहो, आधी कापूस दाबा!”

“दाबते की! पण मग सुई उघडीच राहते. चूक कोणाची लिहू, साहेब?”