चार बोटांची साडी

सोलापुरातल्या मामिडी बोळात लग्नाला गेलात, तर नवरीच्या साडीवरून बोट फिरवून पाहा. वीण जागोजागी बदलते. इथे घट्ट, तिथे सैल, मध्येच वाकडी. बोळातल्या प्रत्येक घरानं त्या साडीत चार बोटं कापड विणलेलं असतं. असं का, ते थोरले येमूलकाका पाहुण्यांना चहा पाजून सांगतात आणि पुरतं ऐकल्याशिवाय कुणाला उठू देत नाहीत.

फार मागे तेलंगणात दुष्काळ पडला, तेव्हा दोन गावांतले विणकर पोटासाठी सोलापुरात आले आणि याच बोळात राहिले. वरच्या अंगाला एक गाव, खालच्या अंगाला दुसरं. सुताला खळ लावायची तर उभ्या धाग्यांचा ताणा बोळभर पसरावा लागतो, आणि बोळ तर एकच. आज कुणी पसरायचा, यावरून रोज सकाळी जुंपायची. पुढे दोन्हीकडच्यांनी बोलणंच टाकलं, म्हणे.

खालच्या अंगाला नरसव्वा राहायची. आपली लेक भूलक्ष्मी घरच्या मागावरचीच साडी नेसून सासरी जाईल, असा शब्द तिनं मरत्या नवऱ्याला दिला होता. लग्न आठ दिवसांवर आलं, साडी निम्मी झाली, आणि खळीचं उकळतं पातेलं तिच्या उजव्या हातावर कलंडलं. नवरीनं स्वतःची साडी विणायची नाही, ही रीत. नरसव्वा हात गुंडाळून मागासमोर बसून राहिली. कुणाला हाक मारणं तिच्या स्वभावात नव्हतं.

विणकरांच्या वस्तीत बंद पडलेला माग सगळ्यांच्या ध्यानात येतो. तिसऱ्या दिवशी वरच्या अंगाचा गड्डम राजय्या न विचारता आत शिरला, मागावर बसला, चार बोटं विणली आणि उठला. तीन वर्षांत तो तिच्याशी बोलला नव्हता.

नरसव्वानं कापडावर डावा हात फिरवला आणि तिचं डोकंच फिरलं. "केवढं ठोकलास रे राजय्या! पोरीच्या साडीत भिंत बांधलास की!"

"मग उसव."

"कुठल्या हातानं उसवू?"

"तेच म्हणतो मी. विणणार तरी कुठल्या हातानं हाईस, अक्का?"

ती भिंत झाकावी म्हणून तिनं आपल्या बाजूची शेजारीण बसवली. तिचा हात इतका हलका, की कापड जाळीदार झालं. मग प्रत्येकाला वाटायला लागलं, आपण बसलो तर नीट होईल. विणकराला दुसऱ्याचं कापड सुधारल्याशिवाय चैन पडत नाही, ही आमची खोडच, असं काका इथे कबूल करतात. वरचे आले, खालचे आले. सातव्या दिवशी साडी मागावरून उतरली आणि नरसव्वाला धडकी भरली. माग घरचा असला तरी हात परके होते. त्यात ही पट्ट्यापट्ट्यांची साडी पाहून सोयरे मांडवातून उठून गेले तर?

मांडवात भूलक्ष्मीच्या सासूनं साडी उलगडली. तीही विणकरीणच. तिनं पदरापर्यंत बोटं फिरवली. "किती हात लागलेत?"

"एकवीस," नरसव्वा म्हणाली. "माझा धरून."

"आम्ही या गावात आलो, तेव्हा आम्हाला पाणी विचारणारं कुणी नव्हतं," सासू म्हणाली. "एवढं मोठं माहेर कुणाला मिळतंय? नेसव पोरीला."

हात भाजला तेव्हा न रडलेली नरसव्वा तिथे ढसाढसा रडली, असं सांगतात.

आजही बोळात एक हातमाग राखलेला आहे. बाकीची घरं यंत्रमागावर, रिक्षावर, विड्यांवर चालतात. तरी लग्न ठरलं की घरटी एक जण येऊन चार बोटं विणतो. गेल्या वर्षी येमूलकाकांच्या नातीची साडी मागावर होती. बोळात बिहारचा एक फरशी बसवणारा नुकताच भाड्यानं राहायला आला होता. नातीनं त्यालाही बोलावलं. बिचाऱ्यानं मागाचा धोटा कधी हातात धरला नव्हता. चार बोटांना त्याला अख्खी दुपार लागली, आणि ती एवढी वाकडी झाली की काय सांगावं. काका शेजारीच बसले होते. त्यांचे हात शिवशिवत होते, पण त्यांनी एक धागाही उसवला नाही.