पहिल्या पाण्याचे तीन दिवस

एक होता राजा, आणि तो फार दमलेला होता.

हसू नका. राजेही दमतात. आणि तो एकटाच नव्हता, बरं का. त्याचं अख्खं राज्य दमलेलं होतं. रुंजे, पाय पांघरुणात घे. बाब्या, तू भिंतीकडे सरक जरा. मामाला टेकू दे. हां. आता ऐका.

हे राज्य होतं उंच पठारावर. नदी होती खाली, खोल दरीत. तीनशे पायऱ्या उतरायच्या, घागर भरायची आणि तीनशे पायऱ्या चढायच्या. वर येऊन भात शिजवावा, तर भांडी घासायला पाणी नाही. मग परत तीनशे. पाऊस पडायचा, नाही असं नाही. पण पठारावरचं पाणी थांबतंय कुठे? घटकाभरात धावत दरीत.

त्यामुळे सगळे दमलेले. नगारेवाला एकाच हाताने नगारा वाजवायचा, दुसरा हात उचलत नसे. लग्नात लोक अक्षता बसूनच टाकायचे. दोन बायका भांडायला लागल्या, की थोड्या वेळाने एक म्हणायची, "उरलेलं उद्या भांडू." राजा स्वतःची घागर स्वतः आणायचा, कारण हुजऱ्याचे गुडघे गेले होते.

पायऱ्यांवर शेवाळ होतं. दरवर्षी कुणी ना कुणी घसरायचं आणि दरीत जायचं. त्याच्यासाठी रडायलाही वेळ नसायचा. ज्याचं माणूस गेलं, तोच दुसऱ्या दिवशी घागर घेऊन त्याच पायऱ्या उतरायचा. करणार काय? पाणी तर लागतंच.

मग एकदा काय झालं, लांबून चाळीस माणसं आली. उन्हाने काळवंडलेली, पायांना चिंध्या बांधलेली. त्यांचा देश वाळूने गिळला होता. आधी शेतं गेली, मग अंगण गेलं, मग दारं उघडेनात. तेव्हा उठले आणि चालायला लागले. निघाले तेव्हा शंभर होते. वाटेत साठ माणसं तहानेने मेली.

त्यांनी तीन गावांत आसरा मागितला. पहिल्या गावाने कुत्री सोडली. दुसऱ्या गावाने दार लावून घेतलं. तिसऱ्या गावाने पोटभर जेवायला घातलं आणि म्हटलं, आता जा. ते तिसरं सगळ्यात जास्त लागलं, बरं का.

मग ते या पठारावर आले. त्यांच्यात एक बहीण होती, मेहरू. आणि तिचा धाकटा भाऊ दाराब. नावं लांबच्या मुलखातली होती. या दोघांना आई नाही, बाप नाही. मेहरूनेच दाराबला वाढवलेलं, आणि वाळूतून पाठीवर घेऊन आणलेलं. म्हणजे तो चांगला मिशा फुटलेला गडी होता, पण वाटेत तापाने पडला, तेव्हा तिने त्याला तीन दिवस पाठीवर वाहिलं. तो डोक्याने गरम होता. लगेच चिडायचा, लगेच दगड उचलायचा. ती नुसती म्हणायची, "ठेव तो खाली." मग तो ठेवायचा.

दिवाणजी राजाला म्हणाले, "महाराज, आपल्यालाच पाणी पुरत नाही. ही चाळीस तोंडं कशाला?"

राजा म्हणाला, "मला विचारू नका, मला झोप आलीय."

तेव्हा मेहरू पुढे झाली. ती म्हणाली, "महाराज, तो समोरचा डोंगर आहे ना, त्याच्या पोटात पाणी आहे. मला ऐकू येतंय. आम्ही ते तुमच्या दारात आणून देऊ. आम्हाला राहू द्या."

सगळे हसले. पण मेहरूचा कान तसाच होता. दगडाला कान लावला, की तिला आतलं पाणी ऐकू यायचं. आपण आईच्या पोटावर डोकं ठेवलं की कसं ऐकू येतं, तसं.

राजा म्हणाला, "होळीपर्यंत राहा. होळीला पाणी दारात आलं, तर कायमचे राहा. नाही आलं, तर पुढे चालू लागा." आणि तो डोळे मिटून बसला.

आता त्यांची रीत ऐका. डोंगरापासून गावापर्यंत ते ओळीने विहिरी खणायचे आणि खालून त्या एकमेकींना भुयाराने जोडायचे. भुयार थोडं थोडं उतरतं ठेवायचं. मग पाणी आपलं आपण चालत येतं, कुणाला वाहावं लागत नाही. भुयारात सगळ्यात पुढे कोण? ज्याला पाणी ऐकू येतं तो. म्हणजे मेहरू. आणि वर जमिनीवर दाराब मुसळ आपटत चालायचा. धप. धप. म्हणजे खाली तिला कळायचं, सरळ चाललोय की वाकडं.

गावातले लोक घागरी घेऊन जाताना बघायचे आणि म्हणायचे, "घुशी आल्या रे, घुशी. एवढं उकरतायत, आता पिल्लं घालतील." दाराब दगड उचलायचा. खालून आवाज यायचा, "दाराब, मुसळ थांबलं का रे?" मग तो दगड टाकायचा.

पहिलं भुयार खणलं. आत काळा दगड लागला. पहार बोथट झाली, दगड हलेना. ते सोडून दिलं.

मग दुसरं भुयार खणलं. पलीकडून, मुरमातून. भराभर चाललं. पाणी जवळ आलं, मेहरू म्हणाली, आता चार दिवस. पण एक गोष्ट होती. त्यांच्या देशात माती चिवट होती, भाजलेल्या मडक्यासारखी. खणलं की तशीच उभी राहायची. आणि झाडं तर नव्हतीच. त्यामुळे भुयाराला लाकडाचा टेकू द्यायचा असतो, हे त्यांना कुणाला माहीतच नव्हतं. कधी लागलाच नव्हता. इथला मुरूम मात्र भुसभुशीत.

तिसऱ्या दिवशी दाराब वर मुसळ आपटत होता. धप. धप. आणि पायाखालची जमीन थोडीशी खाली बसली. एवढीशी. ताटाएवढी.

सगळ्यांनी उकरलं. गावातले लोकही घागरी टाकून धावले. पण उपयोग झाला नाही.

काय, रुंजे? हो. मेली.

तुमची आई सांगायची त्या गोष्टीत ती निघते बाहेर, माहितीय मला. मीही ताईकडून तशीच ऐकलीय. मला नाही जमत तसं सांगायला. तू ये इकडे, इथे डोकं ठेव. पुढे आहे गोष्ट, संपली नाही.

मग दाराबने काय केलं? मुसळ घेतलं आणि दरीत फेकून दिलं. तो म्हणाला, चला. आपण निघू. हा मुलूख नको. इथलं पाणी नको. त्याची माणसं उठली नाहीत. एक म्हातारा म्हणाला, "पोरा, आता पाय उरले नाहीत." दाराब एकटाच निघाला. वेशीपर्यंत गेला आणि बसला. त्यालाही जाववेना. कुठे जाणार? ती इथे होती.

तिथे गावातला सुतार आला. रावजी त्याचं नाव. शेजारी बसला. मग म्हणाला, "मी रोज तिकडून जायचो. तुमच्या भुयाराला टेकू नाही, हे मला दिसायचं. मुरूम बसणार, हे कळत होतं मला."

दाराबने विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

रावजी म्हणाला, "डोक्यावर घागर होती. म्हटलं, आपल्याला काय करायचंय. दमलो होतो."

दाराबने दगड उचलला. या वेळी ठेव म्हणणारं कुणी नव्हतं. रावजी उठला नाही, त्याने हातही आडवा केला नाही. दाराबने बराच वेळ तो दगड हातात धरला. मग हात दुखायला लागला आणि दगड पडला.

दुसऱ्या दिवशी रावजीने आपला गोठा मोडला. त्याचे वासे, दांड्या, फळ्या, सगळं खांद्यावरून आणून डोंगराशी टाकलं. म्हणाला, "खण. मी मागून टेकू लावत येतो."

मग तिसरं भुयार सुरू झालं. आता पुढे दाराब. पण त्याला कुठे ऐकू येत होतं? तो दगडाला कान लावायचा. काही नाही. रोज लावायचा. काही नाही. ऐकू यायचं ते स्वतःचंच रक्त, कानात ढुमढुम करणारं. चिडून भिंतीला लाथ मारायचा. एक दिवस लाथ मारायचीही ताकद उरली नाही. तो नुसता भिंतीला टेकून पडून राहिला, आणि तेव्हा त्याला ऐकू आलं. लांबून. बारीक. कुणीतरी पलीकडच्या खोलीत तांदूळ धुतंय, असं.

होळीच्या सकाळी भुयाराच्या तोंडाशी पाणी आलं. गार, स्वच्छ पाणी. गावाच्या मधोमध, बरं का. सगळं गाव घागरी, तपेली, जे हाताला लागेल ते घेऊन धावलं. राजाही धावला, चपला न घालता.

आणि बघतात तर काय. पाण्यापुढे ती परकी माणसं हात धरून ओळीने उभी. कुणाला पुढे येऊ देईनात. आणि पाणी आपलं मधून वाहत चाललंय, थेट दरीत.

दिवाणजी ओरडले, "अरे, पाणी फुकट चाललंय."

दाराब म्हणाला, "फुकट नाही. आमच्याकडे पहिलं पाणी तीन दिवस कुणी पीत नाही. ते मेलेल्यांचं असतं. जे तहानलेले गेले, त्यांचं. आमचे साठ वाटेत गेले आणि एक इथे गेली. तीन दिवस त्यांना पिऊ द्या. चौथ्या दिवसापासून सगळं तुमचं."

लोक खवळले. "डोळ्यांदेखत पाणी दरीत सोडताय? आणि तेच परत आम्ही तीनशे पायऱ्या चढवून आणायचं?"

राजा चिडला. दमलेला माणूस चिडला की वाईट चिडतो. तो म्हणाला, "दारात पाणी, असं ठरलं होतं. आत्ता बाजूला हो, तर तुम्ही इथलेच. नाही झालास, तर आज सूर्य बुडायच्या आत चाळीसच्या चाळीस वेशीबाहेर."

एकोणचाळीस. पण राजाने कुठे मोजले होते.

दाराबने आपल्या माणसांकडे पाहिलं. पाय उरले नाहीत म्हणणारा तो म्हातारा ओळीतच उभा होता. त्याने हात सोडला नाही. कुणीच सोडला नाही.

दाराब राजाला म्हणाला, "मग जाऊ आम्ही. पण सूर्य बुडेपर्यंत हे पाणी तिचं आहे." आणि तो पाण्याकडे वळला. वाकून म्हणाला, "मेहरू."

आणि पाणी थांबलं. खरंच. वाहतं पाणी थबकलं, जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि मग पुढे गेलं. कुणी हाक मारली की माणूस कसा मान वळवतो, तसं.

मग ती माणसं एकेक नाव घेऊ लागली. प्रत्येक नावाला पाणी थांबायचं, गिरकी घ्यायचं, पुढे जायचं. एकसष्ट नावं.

मग गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. ठकूआजी. तिचा मुलगा वीस वर्षांपूर्वी पायऱ्यांवरून गेला होता. तिने रिकामी घागर खाली ठेवली आणि दाराबला म्हणाली, "तुमचीच माणसं पितात, की आमचंही चालतं?"

दाराब म्हणाला, "तहानेला काय आपलं, काय परकं, आजी."

ती वाकली. म्हणाली, "गोविंदा." पाणी थांबलं. तिने तोंडाला पदर लावला आणि वीस वर्षांचं तिथेच रडून घेतलं.

मग काय. मागून सुतार आला, नगारेवाला आला, भांडण उद्यावर टाकणाऱ्या दोघी आल्या. ज्याच्या त्याच्या घरातलं कुणीतरी त्या पायऱ्यांवर गेलेलंच होतं. शेवटी राजा आला. त्याची राणी तशीच गेली होती, भरल्या घागरीसकट. त्याने तिचं नाव इतकं हळू घेतलं, की कुणाला ऐकू आलं नाही. पण पाणी थांबलं.

सूर्य बुडाला. कुणी कुणाला वेशीबाहेर काढलं नाही. दिवाणजींनी आठवण करून द्यायला तोंड उघडलं, तर राजा म्हणाला, "दिवाणजी, घागर घ्या. अजून दोन दिवस आपल्याला खालूनच आणायचंय."

तीन दिवस सगळं गाव पायऱ्या उतरलं आणि चढलं. शेजारून पाणी वाहत होतं, पण एकानेही त्यात बोट बुडवलं नाही. चौथ्या दिवशी सगळे पोटभर प्यायले.

मग ती माणसं तिथलीच झाली. त्यांनी चिंध्यांच्या गाठीतून खरबुजाचं बी काढलं आणि पठारावर लावलं. आज त्या मुलखात सगळ्यात गोड खरबूज पिकतं. त्यांच्या पोरांनी इतर गावांनाही भुयारं खणून दिली, कुत्री सोडणाऱ्या गावालासुद्धा. आणि तिथे नवी विहीर लागली, की अजूनही तीन दिवस कुणी पाणी पीत नाही. कुणी आणली ही रीत, असं विचारलं तर लोक म्हणतात, आमचीच.

राजाने दाराबला पाटकरी केलं. म्हणजे रोज सकाळी पाणी सोडायचं, या गल्लीला इतकं, त्या गल्लीला इतकं. काही काही सकाळी त्याला उठावंसं वाटायचं नाही. अंगावरचं पांघरूण दगडासारखं जड व्हायचं. पण पाणी सोडायचं असायचं, लोक वाट बघत असायचे, म्हणून तो उठायचा. असं करत करत तो म्हातारा झाला. सगळे सुखात राहिले.

बाब्या झोपला वाटतं. रुंजे, तूही मीट डोळे. सकाळी शाळा आहे, मी उठवतो.