गाऊन वाचलेली पत्रं

डोंगराच्या पार माथ्यावर, जिथे ढग खिडकीतून आत येतात आणि न सांगता निघूनही जातात, तिथे कधीकाळी एक राज्य होतं. राजा मनाने चांगला होता, फक्त जरा स्वप्नाळू. रोज दुपारी तो झोपाळ्यावर बसायचा. धुकं त्याच्या पायांशी घोटाळत असायचं आणि त्या वेळी त्याला आलेली पत्रं वाचली जायची.

वाचली जायची म्हणजे गायली जायची. या राज्याचा रिवाजच तसा होता. राजाच्या आजोबांना एकदा कुणीतरी वाईट बातमी धाडकन सांगितली आणि त्यांनी अंथरूण धरलं ते धरलंच. तेव्हापासून दरबाराने ठरवून टाकलं, की राजाच्या कानावर कोरडा शब्द पडता कामा नये. पत्र आंब्याला मोहर आल्याचं असो नाहीतर कुणी वारल्याचं, पत्रगायिकेने तंबोरा घ्यावा आणि ते सुरात गावं. जी सूर सोडेल तिने डोंगर उतरून जावं, पुन्हा वर येऊ नये. शहाण्यांचं राज्य होतं, दुसरं काय.

शांततेच्या दिवसांत यामुळे कुणाचं काही बिघडलं नाही. राजा लहानपणापासून फक्त चाल ऐकत आला होता. पत्रात शब्द असतात हे त्याला माहीत होतं, पण हारात दोरा असतो तसे. असतो, पण बघतो कोण?

मग शेजारच्या राजाने चढाई केली. खाली खिंडीत एक छोटा किल्ला होता. तिथे तीनशे माणसं होती आणि एक म्हातारा किल्लेदार. खिंड पडली की राज्य पडलं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. किल्लेदाराने पत्र लिहिलं आणि जासुदाच्या हाती वर पाठवलं.

"महाराज, शत्रूच्या तंबूंनी वेढा घातला आहे. धान्य पंधरा दिवस पुरेल. फौज पाठवावी."

पत्रगायिकेने ते संथ चालीत गायलं. राजाने डोळे मिटले. हिरव्या उतारावर अळंब्या उगवाव्यात तसे ते पांढरे तंबू त्याला दिसू लागले. "काय सुंदर लिहितो हा माणूस," तो म्हणाला. "त्याला माझी शाल पाठवा." जासूद शाल घेऊन खाली गेला.

आठवड्याने दुसरं पत्र आलं. "धान्य आठ दिवसांचं उरलं आहे. फौजेने पुलावरून येऊ नये, तिथे शत्रू दबा धरून बसला आहे. देवराईच्या वाटेने या."

शेवटची ओळ राजाला इतकी आवडली, की त्याने ती तीनदा गाऊन घेतली. मग दिवसभर तो ढगाळलेल्या महालातून गुणगुणत फिरला, देवराईच्या वाटेने या, देवराईच्या वाटेने या. या खेपेला किल्लेदाराला केवड्याचा वास लावलेले कागद गेले. त्याने आणखी पत्रं लिहावीत म्हणून.

प्रधान आणि सेनापती शेजारी बसून माना डोलवत होते. कळत दोघांनाही होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? हुकूम आल्याशिवाय फौज हलत नाही, आणि झोपाळ्यावरून हुकूम येत नव्हता.

पत्रगायिकेलाही कळत होतं. ती तीस वर्षं गात होती आणि तिचं पोट त्या तंबोऱ्यावर होतं. 'मी एक शब्दही गाळत नाही, ऐकणं राजाचं काम,' असं ती मनाला समजवायची. मला तिचा राग येतो. पण खरं सांगायचं तर तिच्या जागी मीही बहुधा तेच केलं असतं.

मग तिसरं पत्र आलं. चाल ठरवायला म्हणून ती प्रत्येक पत्र आधी एकदा नजरेखालून घालायची, तसं तिने तेही घातलं. कागदाला केवड्याचा वास होता. अक्षर मात्र वेगळं होतं, गोल आणि सुटंसुटं. तिने ते पुन्हा वाचलं. मग तंबोरा भिंतीला टेकवला आणि शेजारणीशी बोलावं तशा साध्या आवाजात ती वाचू लागली.

"महाराज, मी फौज मागितली, शाल आली. वाट कळवली, कागद आले. माझं अक्षर आपल्याला लागत नसेल, म्हणून हे पत्र बायकोकडून लिहून घेतो आहे. तिचं अक्षर चांगलं आहे. आज धान्य संपलं."

राजाने डोळे उघडले. "सूर कुठे गेला, बाई?"

"बाजूला ठेवला, महाराज."

"का?"

"सुरात दोनदा सांगून झालं. तुम्ही शाल पाठवलीत."

प्रधान खाकरला. "रिवाजाप्रमाणे बाईंना डोंगर उतरावा लागेल."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि उठली.

"थांबा," राजा म्हणाला. "आधीची दोन्ही पत्रं काढा. ती पण अशीच वाचा."

तिने वाचली. दुसऱ्या पत्राची शेवटची ओळ आली तेव्हा राजाचे ओठ तिच्याबरोबर हलले, कारण ती त्याला तोंडपाठ होती. ती खरोखरची एक वाट आहे आणि तिच्या टोकाला माणसं आपली वाट बघत आहेत, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तो झोपाळ्यावरून उतरला.

फौज देवराईच्या वाटेने निघाली. राजा पुढे होता. दोन दिवस ते ढगातून चालत होते. झाडं ठिबकत होती, शेवाळावर पावलं वाजत नव्हती, आणि आपण चालतो आहोत की कुणाच्या तरी झोपेत शिरलो आहोत हे सैनिकांना उमगत नव्हतं. शत्रू पुलाकडे डोळे लावून बसला होता. फौज त्याच्या पाठीवर उतरली आणि दुपारपर्यंत वेढा उठला. किल्ल्याचा दरवाजा उघडला.

किल्लेदार आदल्या दिवशीच गेला होता. दुसरं पत्र पाठवल्यापासून तो आपल्या वाट्याची भाकर पहारेकऱ्यांना देत होता. वरातीमागून घोडं म्हणतात, तसं झालं.

त्याची बायको दाराची चौकट धरून उभी होती. अंगात त्राण नव्हतं, पण तिने राजाला नमस्कार केला.

"महाराज, ह्यांना शेवटपर्यंत एकच घोर लागला होता," ती म्हणाली. "आधीची पत्रं वाटेत हरवली का? मी आपली सांगत होते, तसंच असेल म्हणून."

'हो' म्हणणं किती सोपं होतं. बाईच्या जिवाला थोडा थंडावा मिळाला असता आणि राजाची अब्रूही राहिली असती. मागे उभा असलेला प्रधान 'हो म्हणा, हो म्हणा' अशा खुणाही करत होता.

"नाही," राजा म्हणाला. "दोन्ही पोचली. मी ऐकली, आणि मला ती गोड लागली."

बाईने त्याला माफ केलं नाही, आणि राजाने माफी मागितलीही नाही. मग ती दारातून बाजूला झाली.

"आत दोनशे नव्वद माणसं आहेत," ती म्हणाली. "आधी त्यांना जेवायला घाला."

राजाने कंबरेचा शेला आवळला आणि वाढायला घेतलं.

तात्पर्य: वाईट बातमी गोड करून सांगणारा आणि गोड लागली म्हणून नुसती ऐकत बसणारा, चूक दोघांचीही, भोगावं मात्र लागतं पत्र लिहिणाऱ्याला.